सस्पेन्शन लिफ्ट किट

सस्पेन्शन लिफ्ट किट म्हणजे चारचाकी वाहनाची चासी व तिच्यावरील बॉडी चाकांच्या तुलनेत अधिक उंचीवर नेण्यासाठी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांना जोडलेले इतर भाग बदलण्याकरिता मिळणारा सुट्या भागांचा संच होय. खडकाळ वाटा, खोल चाकोऱ्या, ओढे आणि वाळू यांतून जाणाऱ्या ऑफ-रोड वाहनांना असे संच बसविले जातात. बाजारात साधारणपणे २५ मिलिमीटरपासून १५० मिलिमीटरपर्यंत उंची वाढविणारे संच मिळतात. व्यवहारात ही उंची इंचांत सांगण्याची पद्धत असून '२ इंची किट' म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरची वाढ समजली जाते.

तांत्रिक मराठीत सस्पेन्शनसाठी 'निलंबन' हा प्रतिशब्द आहे. मात्र वृत्तपत्रांतून तो शासकीय कर्मचाऱ्यांच्या संदर्भात इतका रुळला आहे की गॅरेजमध्ये सहसा ऐकू येत नाही. या लेखात 'सस्पेन्शन' हाच शब्द वापरला आहे.

किट निवडताना 'किती उंच' हा प्रश्न बहुधा सर्वप्रथम विचारला जातो. वास्तविक तो शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. उंची वाढविल्याने मिळणारे लाभ जवळजवळ उंचीच्या प्रमाणात वाढतात. स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांच्या कोनांवर होणारे विपरीत परिणाम मात्र ठरावीक मर्यादेनंतर झपाट्याने वाढतात. म्हणून वाहनावरील कायमचा भार, बसवायच्या टायरचा व्यास आणि वाहन बहुतांश काळ कोणत्या रस्त्यावर धावते या तीन गोष्टी आधी निश्चित करून, त्यांना पुरेल अशी कमीत कमी उंची निवडणे तांत्रिकदृष्ट्या योग्य ठरते.

उंची नेमकी कशाची वाढते

लिफ्ट किटमुळे वाहन 'वर जाते' असे म्हटले जात असले, तरी संपूर्ण वाहन वर जात नाही. ज्या वाहनात दोन्ही चाके एकाच अखंड अ‍ॅक्सलने जोडलेली असतात, त्यात अ‍ॅक्सल आणि त्यावरील डिफरन्शिअलचा गोल फुगवटा स्प्रिंगच्या खालच्या बाजूस असतो. स्प्रिंग कितीही उंच केली तरी या फुगवट्याचे जमिनीपासूनचे अंतर एक मिलिमीटरनेही बदलत नाही. ते वाढविण्याचा रूढ मार्ग म्हणजे मोठ्या व्यासाचे टायर. टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढला तर अ‍ॅक्सल निम्म्याने, म्हणजे २५ मिलिमीटरने वर येतो.

कोकणातील जांभ्याच्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या लाल मातीच्या वाटांवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांमुळे खोल चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्यामध्ये मातीचा उंचवटा उरतो. अशा ठिकाणी अखंड अ‍ॅक्सल असलेले वाहन अडकते ते बहुतेक वेळा डिफरन्शिअल त्या उंचवट्यावर टेकल्यामुळे. त्यावर केवळ उंच स्प्रिंगचा उपयोग होत नाही.

मग सस्पेन्शन लिफ्टने काय साधते? पहिली गोष्ट म्हणजे मोठा टायर मडगार्डला किंवा आतील प्लास्टिकला न घासता फिरू शकेल एवढी जागा निर्माण होते. दुसरी म्हणजे चासीच्या पोटाखालची, गिअरबॉक्स व इंधन टाकीखालची मोकळी जागा वाढते. तिसरी गोष्ट वाहनाच्या तीन कोनांशी संबंधित आहे. समोरच्या चढाला बंपर न लागता भिडता येण्याचा कोन, मागील बाजू न घासता उताराखाली सपाटीवर येता येण्याचा कोन आणि टेकाडाचा माथा पोट न टेकता ओलांडता येण्याचा कोन हे ते तीन कोन होत.

यांपैकी माथा ओलांडण्याचा कोन दोन अ‍ॅक्सलमधील अंतरावर, म्हणजे व्हीलबेसवर, फार अवलंबून असतो. टायरचा घेर हिशेबात न घेता साध्या भूमितीने पाहिल्यास, २४५० मिलिमीटर व्हीलबेस आणि मध्यभागी ३०० मिलिमीटर मोकळी जागा असलेल्या वाहनात हा कोन सुमारे २७.५ अंश येतो. त्यात ५० मिलिमीटरची लिफ्ट दिल्यास तो सुमारे ३२ अंश होतो. व्हीलबेस ३००० मिलिमीटर असेल तर तेवढ्याच मोकळ्या जागेला कोन केवळ २२.६ अंश असतो आणि ५० मिलिमीटरच्या लिफ्टनंतर तो सुमारे २६.३ अंशांपर्यंत जातो. याचाच अर्थ, लिफ्ट दिलेले लांब वाहन हे मूळ अवस्थेतील आखूड वाहनाच्याही थोडे मागेच राहते. कॅम्पिंगचे सामान वाहून नेणाऱ्या लांब वाहनांच्या मालकांनी हा हिशेब किट घेण्यापूर्वी अवश्य मांडावा.

उंची वाढविण्याच्या पद्धती

उंची मिळविण्याची पद्धत मूळ सस्पेन्शनच्या रचनेवर अवलंबून असते.

सर्वांत स्वस्त पद्धत स्पेसरची होय. कॉइल स्प्रिंगच्या वर किंवा खाली पॉलियुरेथेन, ॲल्युमिनियम अथवा पोलादाची जाड चकती बसविली जाते. स्प्रिंगचा ताठरपणा तोच राहत असल्याने रिकाम्या वाहनाचा रस्त्यावरील अनुभव फारसा बदलत नाही. मात्र शॉक ॲब्सॉर्बर जुनाच ठेवला तर एक विपरीत गोष्ट घडते. समजा शॉकची एकूण चाल २०० मिलिमीटर असून वाहन स्थिर असताना चाक १०० मिलिमीटर वर आणि १०० मिलिमीटर खाली जाऊ शकते. ५० मिलिमीटरच्या स्पेसरनंतर हीच चाल वर १५० आणि खाली ५० अशी विभागली जाते. खड्ड्यात उतरणारे चाक आता पूर्वीपेक्षा लवकर लोंबकळते आणि जमिनीचा स्पर्श सोडते. म्हणजे वाहन उंच दिसते, पण खाचखळग्यांत त्याची पकड कमी होते. शिवाय चाक खाली येताना थांबविण्याचे काम शॉकवर पडते आणि त्याचे बुश व सील लवकर निकामी होतात. छायाचित्रात हे दिसत नाही, त्यामुळे स्पेसरची विक्री चांगली होते.

दुसरी पद्धत संपूर्ण कॉइल स्प्रिंग व शॉक बदलण्याची आहे. तिच्यात स्प्रिंग अधिक लांब आणि बहुधा अधिक ताठर असते व शॉकची चालही त्यानुसार वाढविलेली असते. सर्वसाधारण वापरासाठी हीच पद्धत सर्वांत समतोल मानली जाते.

कमानपाटे असलेल्या वाहनांत अनेक मार्ग आहेत. अधिक बाक दिलेला नवा पाट्यांचा जुडगा बसविणे हा त्यांतील उत्तम मार्ग होय. जुन्या जुडग्यात एखादा पाटा वाढविल्यास उंची मिळते, परंतु ताठरपणाही वाढतो आणि रिकामे वाहन उसळू लागते. लांब शॅकल लावल्यास शॅकल जेवढी लांब केली त्याच्या सुमारे निम्मीच उंची मिळते आणि अ‍ॅक्सल किंचित फिरल्यामुळे त्याचे कोन बदलतात. अ‍ॅक्सल व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवण्याची पद्धत मागील अ‍ॅक्सलवर मर्यादित उंचीपर्यंत वापरात आहे. पुढील अ‍ॅक्सलवर असा ठोकळा कधीही वापरू नये. ब्रेक लावताना पुढील अ‍ॅक्सलवर पिळाचा मोठा जोर येतो आणि ठोकळा निसटल्यास स्टिअरिंगवरील ताबा पूर्णपणे जातो. एकावर एक दोन ठोकळे रचणे मागच्या बाजूसही धोक्याचे आहे.

काही वाहनांत पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते अ‍ॅक्सलच्या वर नेऊन बांधले की अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या जुडग्याची जाडी यांच्या बेरजेएवढी उंची एकदम मिळते. मारुती जिप्सी ज्या सुझुकी मालिकेतील आहे, त्या वाहनांत ही पद्धत जगभर लोकप्रिय झाली. तीत चार-पाच इंचांची उंची मिळते. त्याबरोबर वेल्डिंगचे काम, स्टिअरिंगच्या दांड्यांची नवी रचना आणि लांब ब्रेक होज हेही ओघाने आलेच.

टॉर्शन बार असलेल्या पुढील सस्पेन्शनमध्ये केवळ समायोजनाचा बोल्ट पिळून समोरची बाजू वर करता येते. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या महिंद्रा थारच्या पुढील सस्पेन्शनची रचना अशी होती. बोल्ट पिळल्याने बारचा ताठरपणा बदलत नाही. फक्त त्याची मूळ स्थिती बदलते आणि चाकाची खाली जाण्याची चाल कमी होते. नव्या भागांचा खर्च नसल्यामुळे हा उपाय मोहक वाटतो, परंतु एखाद्या इंचापलीकडे तो नेऊ नये.

बॉडी लिफ्ट ही वेगळी गोष्ट आहे. तीत चासी व बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून केवळ बॉडी उचलली जाते. चासी, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन जागच्या जागी राहतात, त्यामुळे पोटाखालची जागा वाढत नाही. ती मोठ्या टायरसाठी जागा करण्याच्या कामी येते.

भूमितीवर होणारे परिणाम

मूळ वाहनाची रचना करताना अभियंत्यांनी दांडे, भुजा आणि शाफ्ट यांचे कोन एका ठरावीक उंचीसाठी निश्चित केलेले असतात. उंची बदलली की हे सर्व कोन एकाच वेळी बदलतात. चांगला संच आणि नुसत्या स्प्रिंगचे खोके यांतील फरक येथेच कळतो.

अखंड अ‍ॅक्सल व कॉइल स्प्रिंग असलेल्या वाहनात अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे अ‍ॅक्सलला जोडलेले असते. चासी वर गेली की दांडा अधिक तिरपा होतो आणि त्याची आडवी लांबी कमी होऊन अ‍ॅक्सल एका बाजूस ओढला जातो. ८५० मिलिमीटर लांबीचा, मुळात आडवा असलेला दांडा घेतल्यास पहिल्या ५० मिलिमीटर उंचीला अ‍ॅक्सल सुमारे १.५ मिलिमीटर सरकतो. पुढच्या ५० मिलिमीटरला तो आणखी सुमारे ४.४ मिलिमीटर सरकतो. उंची दुप्पट केली तर विस्थापन चौपट होते. लहान लिफ्टला मूळ दांडा चालून जातो आणि मोठ्या लिफ्टला लांबी बदलता येणारा दांडा घ्यावा लागतो, त्याचे कारण हेच.

पुढील अ‍ॅक्सल रेडियस आर्मने धरलेला असेल तर कॅस्टर कोनाचा प्रश्न येतो. कॅस्टर म्हणजे ज्या अक्षाभोवती चाक वळते त्या अक्षाचा मागील बाजूचा कल. या कलामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. सायकलचा पुढचा काटा तिरपा असतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. चासी वर गेली की रेडियस आर्म खाली झुकतो आणि त्याच्याबरोबर अ‍ॅक्सल फिरतो. ८०० मिलिमीटर लांबीच्या आर्मवर ५० मिलिमीटरच्या लिफ्टने हा फिरण्याचा कोन साडेतीन अंशांच्या आसपास येतो. मूळ कॅस्टरच काही अंशांचा असल्याने ही घट लक्षणीय असते. परिणामी महामार्गावर वाहन एका रेषेत राहत नाही, सतत स्टिअरिंग सावरावे लागते आणि काही वेळा ठरावीक वेगाला पुढची चाके जोराने थरथरू लागतात. यावर उपाय म्हणजे छिद्र मध्यापासून हटविलेले विशेष बुश अथवा दुरुस्त कोनाचे नवे आर्म. किटमध्ये ते नसतील तर वेगळे विकत घ्यावे लागतात आणि किटच्या खऱ्या किमतीत त्यांची भर धरावी लागते.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजमध्ये त्यांना नुसते 'क्रॉस' म्हणतात. क्रॉस तिरप्या कोनात फिरताना पुढच्या शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन ५ अंश असताना हा चढउतार एक टक्क्याहूनही कमी असतो. १० अंशांना तो सुमारे ३ टक्के आणि १५ अंशांना सुमारे ७ टक्के होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर एकाचा चढउतार दुसरा नाहीसा करतो, तथापि लिफ्टनंतर ही समानता टिकतेच असे नाही. आखूड वाहनांत अडचण अधिक तीव्र होते, कारण त्यांचा मागील शाफ्टही आखूड असतो. ५०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टवर ५० मिलिमीटर लिफ्टने कोनात सुमारे ५.७ अंशांची भर पडते, तर १००० मिलिमीटरच्या शाफ्टवर केवळ २.९ अंशांची. वेग वाढताना आसनाखाली जाणवणारी घरघर हे याचे पहिले लक्षण होय.

पुढील चाके स्वतंत्र भुजांवर असलेल्या वाहनांत प्रश्न वेगळे असतात. तेथे डिफरन्शिअल चासीला बांधलेला असल्याने तो लिफ्टबरोबर वर जातो आणि पुढच्या बाजूस खरोखरच जमिनीपासूनचे अंतर वाढते. त्याची किंमत चाकांना शक्ती पोहोचविणाऱ्या आखूड शाफ्टांना द्यावी लागते. त्यांचे सांधे सतत मोठ्या कोनात काम करतात, त्यांचे रबरी आवरण चिरते आणि आत चिखल गेला की सांधा थोड्याच दिवसांत संपतो. वरच्या भुजेचा बॉल जॉइंटही आपल्या चालीच्या टोकाला पोहोचतो. त्यामुळे अशा वाहनांत ५० मिलिमीटरच्या आसपास थांबणे सामान्यतः शहाणपणाचे मानले जाते. त्यापुढे जाण्यासाठी वरच्या भुजा बदलाव्या लागतात किंवा डिफरन्शिअल खाली घेणारे ब्रॅकेट बसवावे लागतात. असे ब्रॅकेट बसविले की मिळालेल्या उंचीतील काही भाग पुन्हा गमावला जातो.

ब्रेकचे रबरी होज, एबीएस सेन्सरच्या तारा, स्टॅबिलायझर बारचे दुवे आणि बंप स्टॉप यांचीही तपासणी आवश्यक असते. त्यांपैकी ब्रेक होज सर्वांत महत्त्वाचा आहे. वाहन जॅकवर उचलून चाक पूर्ण खाली लोंबकळू दिले असता होज ताणला जात असेल, तर ते वाहन रस्त्यावर नेऊ नये.

भार आणि स्प्रिंगची निवड

स्प्रिंगची उंची आणि ताठरपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जाहिरातीत पहिलीच ठळक असते. समजा मागील प्रत्येक स्प्रिंगचा ताठरपणा प्रति मिलिमीटर ४० न्यूटन आहे आणि वाहनाच्या मागील भागात २०० किलोग्रॅम सामान कायम राहणार आहे. प्रत्येक स्प्रिंगवर १०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ९८० न्यूटन भार वाढतो आणि वाहन सुमारे २५ मिलिमीटर खाली बसते. ५० मिलिमीटरच्या लिफ्टमधील निम्मी उंची येथेच संपली. याउलट जड भारासाठी बनविलेली स्प्रिंग रिकाम्या वाहनाला लावली तर मागची बाजू अपेक्षेपेक्षा वर राहते, प्रत्येक गतिरोधकावर वाहन उसळते आणि मागे बसणाऱ्यांची कंबर दुखते.

म्हणूनच नामांकित उत्पादक एकाच वाहनासाठी व एकाच उंचीसाठी निरनिराळ्या भारांच्या स्प्रिंग विकतात. मेलबर्न येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीची 'ओल्ड मॅन इमू' ही मालिका या पद्धतीसाठी ओळखली जाते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात पाणी, इंधन, जादा चाके आणि तंबू घेऊन दिवसचे दिवस प्रवास करावा लागतो. त्या गरजेतून भारानुसार स्प्रिंग निवडण्याची ही परंपरा दृढ झाली. खरेदीपूर्वी लोखंडी बंपर, विंच, छतावरील कॅरिअर, दुसरी बॅटरी यांपैकी काय कायम बसणार आहे याची यादी करून वजन मांडावे. पुढे विंच आणि मागे काहीच नाही अशा वाहनाला पुढे मध्यम व मागे हलक्या भाराची स्प्रिंग लागते. एकाच खोक्यातून आलेला सरसकट संच त्याला जुळत नाही.

शॉक ॲब्सॉर्बरची निवड स्प्रिंगच्या मागोमाग येते. ताठर स्प्रिंगला तिची उसळी आवरणारा तेवढाच समर्थ शॉक लागतो. खडबडीत रस्त्यावर दीर्घकाळ चालविल्यास शॉकमधील तेल तापून त्याचा प्रतिकार घटतो. मोठ्या व्यासाच्या शॉकमध्ये तेल अधिक मावते व उष्णता लवकर बाहेर पडते. एकनळी रचनेचे शॉक उष्णतेला चांगले तोंड देतात, पण त्यांच्या नळीला दगडाचा पोचा पडला तर आतील पिस्टन अडकतो. दुनळी रचनेत बाहेरची नळी हा मार सोसू शकते. किट जुळते की नाही हे पाहण्यासाठी शॉकची पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली अशा दोन्ही लांब्या तपासाव्यात. दबलेली लांबी जास्त असेल तर बंप स्टॉपवर टेकण्याआधीच शॉक आतून आपटतो.

टायर आणि गिअरचे गुणोत्तर

टायरची निवड लिफ्टच्या आधी व्हावी, कारण बहुतेकदा लिफ्ट ही टायरसाठीच असते. उदाहरणार्थ १९५/८० आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३ मिलिमीटर असतो. हा बदल केल्यास अ‍ॅक्सलखाली २० मिलिमीटर जागा वाढते. त्याच वेळी चाकाचा घेर सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्याने, मूळ टायरवर काटा अचूक होता असे मानल्यास, १०० दाखवत असताना वाहन प्रत्यक्षात ताशी १०६ किलोमीटर वेगाने धावत असते. एकूण गिअर गुणोत्तरही तेवढेच उंच होते. इंजिनाला चढावर खालचा गिअर घ्यावा लागतो, इंधन अधिक लागते आणि मोठ्या घेराचे जड चाक थांबविण्यासाठी ब्रेकवर अधिक ताण येतो. कमी ताकदीच्या इंजिनांत हा फरक घाटात ताबडतोब कळतो.

गुरुत्वमध्य आणि उलटण्याचा धोका

वाहन बाजूला कलंडण्याचा धोका मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता मिळणाऱ्या संख्येला स्थिर स्थैर्य गुणांक म्हणता येईल. अमेरिकेची राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्था २००१ पासून वाहनांच्या उलटण्याच्या मानांकनात हा गुणांक वापरते. १५२० मिलिमीटर अंतर आणि ७०० मिलिमीटर उंचीचा गुरुत्वमध्य असलेल्या वाहनाचा गुणांक १.०९ येतो. ५० मिलिमीटरच्या लिफ्टने अ‍ॅक्सल व चाके वगळता उर्वरित भाग वर जातो. गुरुत्वमध्य साधारण ४० मिलिमीटर वर गेला असे धरल्यास गुणांक १.०३ होतो. १०० मिलिमीटर लिफ्ट आणि सोबत मोठे टायर दिल्यास तो ०.९४ च्या आसपास उतरतो.

गणिती दृष्टीने पहिल्या उदाहरणातील वाहन सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारावर आणि शेवटचे सुमारे ४३ अंशांवर कलंडेल. प्रत्यक्षात स्प्रिंग व टायर दबल्यामुळे ही मर्यादा याहून बरीच अलीकडे येते. आडवा उतार हा धोक्याचा एक भाग झाला. त्याहून नेहमीचा प्रसंग म्हणजे घाटातील वळणावर अचानक समोर काही आल्याने स्टिअरिंग झटक्याने फिरविणे. छतावरील कॅरिअरवर सामान लादलेले उंच वाहन अशा वेळी मूळ वाहनासारखे वागत नाही. वाहनाचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणालीही मूळ उंची, मूळ टायर आणि मूळ शॉक गृहीत धरून जुळविलेली असते. ऑफ-रोड वाहनही आपल्या आयुष्यातील बहुतांश किलोमीटर डांबरी रस्त्यावरच कापते, हे किट निवडताना सहज विसरले जाते.

भारतातील काही वाहने

१९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे होते. या साध्या रचनेमुळे लिफ्टचे प्रयोग तिच्यावर सोपे व स्वस्त ठरले.

नाशिक येथील कारखान्यात तयार होणाऱ्या आणि २०२० मध्ये नव्या रूपात आलेल्या महिंद्रा थारमध्ये पुढे स्वतंत्र दुहेरी भुजा व कॉइल स्प्रिंग आणि मागे अखंड अ‍ॅक्सल व कॉइल स्प्रिंग अशी मिश्र रचना आहे. तिचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर असून उत्पादकाने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे. मिश्र रचनेमुळे पुढची मर्यादा चाकांच्या शाफ्टांवरून आणि मागची मर्यादा प्रोपेलर शाफ्ट व पॅनहार्ड रॉडवरून ठरते. मागे मोठी उंची मिळविणे सोपे असले तरी पुढची बाजू तिला साथ देत नाही. त्यामुळे या वाहनाला माफक उंचीचे, पुढचे-मागचे भाग एकत्र जुळविलेले किटच योग्य ठरते.

२०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या सुझुकी जिम्नीमध्ये दोन्ही बाजूंना अखंड अ‍ॅक्सल व कॉइल स्प्रिंग असून ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. तिच्या पुढील अ‍ॅक्सलला रेडियस आर्म असल्याने कॅस्टर दुरुस्तीचे बुश हा किटचा आवश्यक भाग समजावा. तिचे मूळ टायर १९५/८० आर १५ याच मापाचे आहेत. त्यामुळे वर दिलेले टायरचे गणित तिला तसेच लागू पडते.

कायदेशीर स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने समाविष्ट केलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेले बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. किट दुकानात खुलेपणाने विकले जाते, म्हणून ते सार्वजनिक रस्त्यावर वैधच असते, असे समजू नये. अपघातानंतर विमा कंपनीला न कळविलेला बदल आढळल्यास दाव्यावर वाद उद्भवू शकतो, आणि सस्पेन्शनशी संबंधित हमीही उत्पादक नाकारू शकतो.

इतर देशांत बंदीऐवजी मर्यादा घालण्याकडे कल दिसतो. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत सस्पेन्शनमुळे ५० मिलिमीटर आणि टायरमुळे २५ मिलिमीटर अशी एकूण ७५ मिलिमीटरपर्यंतची वाढ अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालते आणि त्यापुढे तपासणी लागते. जर्मनीत असा बदल अधिकृत तपासणीनंतर वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे असून काही ठिकाणी चासीची, तर काही ठिकाणी बंपरची कमाल उंची ठरवून दिलेली असते. परदेशी संकेतस्थळावरून किट मागविणाऱ्या भारतीय ग्राहकाने तेथील 'रस्त्यासाठी वैध' हा शिक्का त्या देशापुरताच आहे हे ध्यानात घ्यावे.

बसविणे आणि त्यानंतरची तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. टायरमधील हवेचा या मापावर परिणाम होत नाही, त्यामुळे लिफ्ट प्रत्यक्षात किती मिळाली हे नंतर नेमके समजते. अनेक वाहने मुळातच इंधन टाकीच्या किंवा चालकाच्या बाजूस थोडी झुकलेली असतात. आधीचे माप नसेल तर तो दोष नव्या स्प्रिंगवर ढकलला जातो.

रबरी बुशांचे बोल्ट वाहन जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. आधी वाहन चाकांवर उभे करावे, त्याचे वजन सस्पेन्शनवर येऊ द्यावे आणि मग बोल्ट आवळावेत. तसे न केल्यास बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. घाईच्या कामात ही पायरी हमखास वगळली जाते, त्यामुळे वाहन ताब्यात घेताना तिच्याविषयी मुद्दाम विचारावे.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा छापील स्वरूपात घ्यावा. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर स्प्रिंग थोड्या बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. ते ठरवून दिलेल्या टॉर्कनुसार पुन्हा आवळावे लागतात. पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक उचलली गेली असेल तर हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून त्याची दिशा नव्याने जुळवावी. काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असलेल्या नव्या वाहनांत या उपकरणांचे समायोजनही करून घ्यावे लागते.